सासूच्या मापाची पक्कड

चिंदरकर मामा माझ्याशी पहिल्यांदा जे बोलले ते असं: "माजी पक्कड बरी आसा गो. तुझो हात वायट."

मी तेव्हा बावीस-तेवीसची, सातारच्या बाजूची, तोंडाला लगाम म्हणून नाही. म्हटलं, "ह्या हाताने मी विहिरीचं पाणी शेंदलंय, पायलीपायलीचं दळलंय. हाताला नावं ठेवू नका." आणि उजवी मूठ उघडून त्यांच्या टेबलावर ठेवली. तळव्याच्या मधोमध जांभळा डाग पडलेला, अंगठ्याच्या बुडाशी सूज. मामांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, हात बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जा कामाक." बस्स, एवढंच. असा हा माणूस! आणि आज मला कुणी विचारलं की बाई, तू आयुष्यात कुणाला मानतेस, तर मी दुसरं नाव घ्यायची नाही.

साल एकोणऐंशी. ठाणे-बेलापूर रस्त्यावर तुर्भ्याच्या अलीकडे आमचा कारखाना होता. विजेची पॅनल बनायची तिथे, म्हणजे आतून वायरींनी खच्चून भरलेली लोखंडी कपाटं. वायरीचं टोक सोलायचं, त्यावर तांब्याची टोपी चढवायची आणि ती पकडीने अशी दाबायची की जन्मात निघू नये. त्या टोपीला लग म्हणतात. जोड ढिला राहिला की पॅनल तापतं, कधी पेटतंसुद्धा. हे दाबकाम आधी पुरुषांकडे होतं. मग दुबई-मस्कतची हवा सुटली. एकेक जण पासपोर्ट काढून पसार झाला. साहेबांनी मग बारीक वायरिंग करणाऱ्या आम्हा बायकांच्या हातात पकडी दिल्या आणि म्हणाले, करा.

त्या पकडी मामांनी स्वतः घडवलेल्या. परदेशी पक्कड महाग पडायची, म्हणून टूलरूममध्ये, म्हणजे त्यांच्या हत्यारं बनवायच्या खोलीत बसून त्यांनी आपल्या हाताने बनवल्या. आपल्या हाताने म्हणजे आपल्या हाताच्या मापाने! आणि मामांचा तळहात म्हणजे सूप. मालवणकडचं चिंदर हे त्यांचं गाव. लहानपणी होडी वल्हवलेली, त्यामुळे मनगट असं की घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात लावायचे. त्यांची पक्कड पूर्ण उघडली की माझी बोटं पलीकडच्या दांड्यापर्यंत नीट पोचायचीच नाहीत. नखांच्या टोकांनी ओढून आणायची आणि मग दाबायची. दिवसभर हेच. दुपारनंतर हात असा भरून यायचा की डब्याचं झाकण उघडेना.

आता मी एवढी का भांडत होते ते सांगते. वाशीला भावाकडे राहत होते. सिडकोच्या नव्या बिल्डिंगमध्ये दोन खोल्या, वहिनी, तिची दोन पोरं आणि मी. वडिलांनी, म्हणजे आबांनी गावाहून निघतानाच बजावलं होतं, "नोकरी आहे तोवर राहा. सुटली की दुसऱ्या दिवशी गाडीत बसायचं." गावाकडे एक स्थळ तयार होतं. बायको वारलेला, आडदांड, माझ्याहून पुष्कळ मोठा. त्याची पहिली बायको कशी राबून मेली ते मी डोळ्यांनी बघितलेलं. ती आमच्या शेजारचीच होती. तेव्हा नोकरी सुटली की माझं काय होणार हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि आमच्या जोडांत ढिले निघत होते. साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, दिवाळीपर्यंत सुधारलं नाही तर बायकांचा सेक्शन बंद. साहेब वाईट नव्हते हो. ढिला जोड बाहेर गेला तर त्यांचीही मान अडकणार होती.

तर मामांनी मला "जा कामाक" म्हणून हाकललं, आणि दुसऱ्या दिवशी टूलरूममध्ये काय आक्रीत! मामांनी एका पकडीच्या दांड्यांना दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या ठोकल्या होत्या. माझ्या मुठीत त्यांची पक्कड जेवढी अवाढव्य, तेवढीच अवाढव्य पक्कड त्यांनी स्वतःच्या मुठीसाठी बनवली होती. आणि ती घेऊन, आमच्यासारखं बाकावर बसून, लग दाबत होते. कुणी विचारलं तर अंगावर यायचे. "गप रव. माका बघूक होया." सकाळभर दाबले. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि भाकरी मोडायला गेले, तर मोडेना. एवढा होडीवाला हात, बोटं वळेनात. डाव्या हाताने भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि जेवले. मग उठून थेट आमच्या बाकाशी आले.

"ही पक्कड नाय गो," ते मला म्हणाले, "ही शिक्षा आसा. आणि ती मी केलंय."

काय सांगू, त्या क्षणी मी त्या माणसावर खूश झाले. आपलंच हत्यार वाईट आहे हे चार बायकांसमोर कबूल करणारा पुरुष मी तोवर पाहिलेला नव्हता. आमच्याकडे तर भाजीत मीठ जास्त पडलं तरी दोष मिठाचा.

आता नवी पक्कड बनवायची, तर आमच्या हातांचं माप हवं. मामा निघाले हातात ते माप घ्यायचं चिमट्यासारखं यंत्र घेऊन. पहिली गाठली काशीला. काशी शिरवण्याची, शेतं सिडकोत गेली तेव्हा घरातल्या दोघांना कारखान्यात घेतलं, त्यात ही आली आणि तिचा दीर. मामांनी तिचा हात हातात घेतला मात्र, तिकडे पुरुषांच्या लाईनीतून तिचा दीर ताडकन उठला. "ए म्हाताऱ्या, हात सोड!" झालं! अर्धा तास नुसता गोंधळ. शेवटी साहेबांनी हुकूम काढला की कुणी कुणाच्या हाताला हात लावायचा नाही. मामा संतापाने लालबुंद. "मी तिच्याशी लगीन लावतंय काय? माप घेतंय माप!" पण हुकूम तो हुकूम.

मग मामांच्या डोक्यात जी कल्पना आली ती त्यांच्याच डोक्यात यायची. त्या दिवशी जेवताना माझ्या डब्यात मेथीचे मुटके होते. मुटके म्हणजे काय, पीठ मुठीत दाबायचं, की चार बोटांचे चार खळगे उठतात, मग वाफवायचं. मामांनी माझ्या डब्यातला एक मुटका उचलला. खातील असं वाटलं. खाल्ला नाही. डोळ्यांसमोर धरून फिरवत बसले. "बायलेची मूठच ही," म्हणाले. "हात लावायची गरजच नाय. मूठ डब्यात येता!"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फर्मान, येत्या गुरुवारी प्रत्येकीने मुटके आणायचे. आम्ही हसून हसून बेजार. कुणी मेथीचे आणले, कुणी दुधीचे, काशीने तांदळाच्या पिठाचे. मामांनी प्रत्येकीच्या डब्यातून एकेक निवडून घेतला, चिठ्ठी लावून टूलरूमच्या कपाटात ठेवला. तिथे महिनाभर मेथीचा वास येत होता. मुटक्यांवरून त्यांनी साचे घेतले, त्या खळग्यांची सरासरी काढली आणि नव्या पकडीच्या दांड्यांना बरोबर चार बोटांचे चार खळगे पाडले. वर काळं रबर. दिसायला इतकी देखणी की वाटावं, दसऱ्याला हिचीच पूजा करावी.

मोठ्या थाटात मामांनी ती माझ्या हातात दिली. मी मूठ आवळली आणि ओरडलेच. माझी बोटं खळग्यांत बसेनात, मधल्या उंचवट्यांवर चढत होती. दाबलं की उंचवटा हाडात रुतायचा. काशीने घेतली, तिचंही तेच. तिसरीने घेतली, तिने तर टाकूनच दिली. एकीलाही ती बसेना. मामा कपाटाकडे धावले. पुन्हा साचे काढले, पुन्हा मापं जुळवली. मापं तर बरोबर. मग ही भानगड काय?

शेवटी काशीच हळूच म्हणाली, "मामा, मना येल कुटं हाय वो मुटकं वलायला? सकाली सातला गेटवर असते मी. सासूनं केलंन ते."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. माझे वहिनीने केलेले. मग एकेकीला विचारलं. कुणाच्या सासूने, कुणाच्या आईने, एकीच्या शेजारणीने. पहिल्या पाळीला येणारी बाई मुटके कधी वळणार, सांगा! आमच्यातल्या एकीचीही मूठ त्या डब्यांत नव्हती. मामांनी महिनाभर खपून जी पक्कड बनवली ती घरोघरच्या सासवांच्या मापाची होती.

हॉलमध्ये असा हशा उठला की पुरुषांच्या लाईनीत यंत्रं थांबली. बाजीराव म्हणून एक होता तिथे, जाड वायरींच्या सेक्शनचा, पंजा लढवण्यात ठाणे-बेलापूरच्या अख्ख्या पट्ट्यात कुणाला न हरलेला. तो ओरडला, "मामा, आता सासवांनाच कामाला लावा!" मामांनी त्याला मालवणीत जे उत्तर दिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. पण मी दिवस मोजत होते. नवरात्र संपत आलं होतं. दिवाळी तोंडावर, आणि आमच्या हातात काहीच नाही.

दुसरा कुणी असता तर मुकाट्याने गप्प बसला असता. मामा हेकट. त्यांना कोडं पडलं होतं ते वेगळंच. म्हणाले, "पक्कड कोणाक तरी बसताच ना? ज्या हाताक बसता तो हात मी बघतलंय." आणि रविवारी पक्कड पिशवीत घालून मला न् काशीला घेऊन शिरवण्याला निघाले, काशीच्या सासूला भेटायला.

वेणूबाई ओटीवर बसल्या होत्या. सत्तरीच्या, वाळून काटकी झालेल्या, तोंडात दात नाहीत, पण जीभ शाबूत. "कोन हाय रं तो? आमचे काशीचा हात धरनारा तोच ना?" मामा ओशाळले, पण लगेच पक्कड पुढे केली. वेणूबाईंनी ती मुठीत घेतली. चारही बोटं चार खळग्यांत अशी जाऊन बसली की काशी "अगं बाय!" म्हणून ओरडली. मामांचा चेहरा उजळला. मग त्यांनी लग चढवलेली वायर दिली आणि म्हणाले, "दाबा आता." वेणूबाईंनी दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. लगाला साधा पोचा पडेना. बसली उत्तम, पण मुठीत जोर कुठून आणायचा?

"जाऊ दे तुजा खेल," म्हणत वेणूबाईंनी पक्कड बाजूला टाकली, पानाचा डबा ओढला आणि अडकित्ता काढून सुपारी कातरायला घेतली. टणक सुपारी, दगडासारखी. कट, कट, कट. बोलता बोलता, आमच्याकडे बघत, एका हाताने. मामांना पान पुढे केलं. पण मामा पानाकडे बघतच नव्हते. त्यांचे डोळे अडकित्त्यावर.

"जरा देवा माका," म्हणाले. अडकित्ता घेतला. उघडला, मिटला. पितळेचे लांबलचक दांडे, टोकाला गोल, मध्ये एकही खळगा नाही, अगदी गुळगुळीत. आणि उघडायचा किती, तर सुपारी आत जाईल तेवढाच. म्हातारीची बोटं कधीच फार फाकत नव्हती. दांडा तळव्याच्या मध्ये टोचत नव्हता, कारण तो तळव्याच्या पलीकडे निघून जात होता. मामांनी एक सुपारी कातरली, मग दुसरी, मग तिसरी. वेणूबाई करवादल्या, "अरं, सगली सुपारी संपवतोस काय?" मामा एकदम हसत सुटले. मी त्यांना हसताना तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

परतताना रस्त्यावर ते माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, देव जाणे. "बायलेचा हात ल्हान म्हणान पक्कड ल्हान करूची, असा माका वाटलेला. उलटा, गो! ल्हान हाताक लांब दांडो होयो. कमी उघडूक होयो. आणि बोटांची जागा मी कोण ठरवणार? बोटां आपली आपण बसतत." बसस्टॉपवर उभं राहून ते हवेत मूठ उघडत-मिटत होते. लोक बघत होते. मला त्याची लाज वाटली नाही, हे मुद्दाम सांगते. एरवी मी फार लाजरी आहे असं नाही, पण तरी.

पुढच्या आठवड्यात पक्कड आली. लांब, सडपातळ, दांडे गुळगुळीत, मध्ये स्प्रिंग, म्हणजे दाबून सोडली की आपोआप उघडते, बोटांनी उघडावी लागत नाही. पुरुषांच्या पकडीपेक्षा चांगली टीचभर लांब. पुन्हा हशा. "बायकांना मोठी आणि आपल्याला छोटी?" पण मी दाबलं आणि हसू विरलं. एका दाबात लग बसला. पुन्हा एक, पुन्हा एक. दुपारी डब्याचं झाकण उघडलं तेव्हा लक्षात आलं की ते सहज उघडलं. मी तिथेच रडायला लागले. काशी विचारते, काय झालं गं? काय सांगणार, झाकण उघडलं म्हणून रडते?

आमचे जोड पास होऊ लागले. ढिला औषधालासुद्धा सापडेना. मामांनी सगळ्यांना पकडी बनवून दिल्या. पुढे पुरुषांनीही हळूहळू त्याच मागून घेतल्या, आधी चोरून आणि मग उघड. शहाऐंशीला मामा निवृत्त होऊन चिंदरला गेले तेव्हा कारखान्यात जुनी पक्कड नावालासुद्धा नव्हती. पण ते पुढचं. मला ते दिवाळीच्या आधीचे दिवस सांगायचेत.

दिवाळीला चार-पाच दिवस असताना साहेबांनी आम्हाला बोलावलं. मी मनात पेढे वाटत गेले. साहेब खूश होते, अगदी मनापासून. म्हणाले, "तुमचं काम इतकं वाढलंय की आता निम्म्या जणीच पुरतील. नंतर लागलेल्यांना दिवाळीनंतर यायची गरज नाही." आणि नंतर लागलेल्यांत सगळ्यात शेवटची कोण? मी.

घ्या! हात दुखत होता तेव्हा हात दुखतो म्हणून घरी जा, आणि हात चालायला लागला तर चालतो म्हणून घरी जा. माझ्या डोळ्यांपुढे आबांची गाडी उभी राहिली. वहिनीने तर त्या रात्री माझी ट्रंक पलंगाखालून काढून पुसून ठेवली. तिच्या मनात वाईट नव्हतं, पण मला ती ट्रंक बघवेना.

मामांना हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. ते केबिनचं दार न वाजवताच आत शिरले. आम्ही बाहेर काचेला कान लावून.

"जाड वायरीच्या सेक्शनात जागा रिकाम्या आसत," मामा म्हणाले. "लोक दुबईक गेले. तिथे ह्यांका घ्या."

साहेब समजावत म्हणाले, "चिंदरकर, तुम्हाला ठाऊक आहे ते काम कसलं आहे. करंगळीएवढी वायर. बाजीरावसारखे दोन हातांनी, मांडीवर रेटून दाबतात. कंपनीच्या डॉक्टरांनी सगळ्यांच्या मुठी दाबून घेतल्यात काट्यावर. पुरुषाच्या मुठीत रुपया धरला तर बाईच्या मुठीत दहा आणे निघतात. हे मी नाही, काटा सांगतो."

"काटो खरा सांगता," मामा म्हणाले. "दहा आणेच. माका मान्य. पण साहेब, दहा आण्याच्या मुठीक सोळा आण्याचा काम करूक देता त्याकाच अवजार म्हणतत. नायतर माणसाने दातानेच लग दाबले नसते?"

साहेब म्हणाले, "दाखवा. काट्यावर जिची मूठ सगळ्यात कमी आली, तिनं जाड लग दाबून दाखवायचा. आणि जोड तपासणार बाजीराव."

सगळ्यात कमी मूठ कुणाची? माझीच. नशीबच तसलं.

मामांनी टूलरूममधून आणखी एक पक्कड आणली. ती त्यांनी कधीची बनवून ठेवली होती, कुणी सांगितलेलं नसताना. हात शिवशिवत होते म्हणे. दांडे अजून लांब, दोन्ही हातांनी धरायची, आणि आत एक दातेरी चाक. दाबून जिथे थांबाल तिथेच ती अडकून राहते, मागे येत नाही. म्हणजे एका दमात दाबायची गरज नाही. थोडं दाबा, श्वास घ्या, पुन्हा थोडं दाबा. सुपारीसारखं, कट, कट.

जाड वायरीच्या सेक्शनमध्ये सगळा कारखाना जमला. बाजीराव हाताची घडी घालून उभा. मी लग चढवला, पक्कड छातीसमोर धरली. मामांनी मान हलवली. मी दाबलं. कट. थांबले. पुन्हा दाबलं. कट. कुणी तरी मागे म्हणालं, "बाजीराव एका झटक्यात दाबतो." मी मनात म्हटलं, दाबू दे मेल्याला, मला माझ्या झटक्यांनी जाऊ दे. कट. कट. शेवटी चाक आपोआप सुटलं आणि पक्कड उघडली. काम झालं की सुटते, आधी सुटत नाही, अशी मामांची योजना.

बाजीरावने जोड आकड्याला अडकवला आणि खाली साखळीला वजनं टांगायला लागला. तपासणीचं ठरलेलं वजन झालं, जोड हलला नाही. त्याने अजून एक टांगलं. मग अजून एक. साहेब म्हणाले, पुरे. बाजीराव ऐकेना. त्याला तो जोड सुटलेला बघायचाच होता. त्याने खालच्या साखळीला दोन्ही हातांनी धरून स्वतःचं सगळं अंग लोंबकळत सोडलं. ताण, ताण, ताण, आणि फाडकन तुटलं. बाजीराव जमिनीवर आपटला. मला वाटलं, सुटला माझा जोड.

बाजीराव तसाच बसून हातातलं टोक बघत होता. मग उठला, आकड्यावरचा तुकडा काढला आणि साहेबांच्या पुढ्यात धरला. "लग निघाला न्हाय, साहेब," तो म्हणाला. "वायर मधनंच तुटलीय. हिचा जोड जागचा हलला न्हाय." हे त्याने मोठ्याने सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. नसतं सांगितलं तरी चाललं असतं त्याला, पण त्याने सांगितलं. तेव्हापासून बाजीरावबद्दलही मी वाईट ऐकून घेत नाही.

साहेबांनी तो तुकडा हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दिवाळी करून या सगळ्या. नंतर लागलेल्या जाड वायरीला. कायम." त्या "कायम" शब्दावर काशी नाचलीच. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या, शिट्ट्या वाजल्या, कुणी कुणाला ओळखेना.

मामा त्या गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आले. मला वाटलं, शाबासकी देतील, नाहीतर निदान एखादी मालवणी शिवी तरी. त्यांनी माझ्या मुठीकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "हात दुखलो काय गो?"

महिनोन्महिने सगळे मला जोड किती झाले, ढिले किती निघाले, हेच विचारत होते. मी मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली. म्हटलं, "नाही मामा. नाही दुखला."

मामा म्हणाले, "बरां झाला." मग पाठ फिरवून तसेच टूलरूमकडे चालू लागले. आणि संध्याकाळी घरी गेल्या गेल्या मी ट्रंक उचलून पलंगाखाली सारली आणि भावाला सांगितलं, "आबांना कळव, मी येत नाही. पाहुण्यांना म्हणावं, दुसरीकडे बघा."